इयत्ता कोणी ठरवावी ?

‘इयत्ता’ हा शब्द शाळेंत रोज शंभर वेळां उच्चारला जातो. पण त्याचा मूळ अर्थ ‘एवढेपणा’, म्हणजे माप किंवा मर्यादा, असा आहे हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. चौथींतील मुलाला निदान किती यावें, हें कोठेंतरी ठरलें असल्यावांचून ‘चौथी इयत्ता’ या शब्दाला अर्थच उरत नाहीं. तें माप राजधानींत बसून सरकारनें ठरवावें, कीं ज्या गांवची शाळा त्या गांवानें, हा वाद बराच जुना आहे.

एकच माप सर्वांना लावण्याचा अतिरेक इंग्लंडांत होऊन गेला. १८६२ सालीं तेथील सरकारनें सहा इयत्ता आंखून दिल्या आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत मूल जसें उतरेल त्या मानानें शाळेस अनुदान देण्याचा नियम केला. दर नापास विषयामागें दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. व्हावयाचें तेंच झालें. परीक्षेचें पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेण्यांत येऊं लागलें, आणि इतिहास-भूगोल अडगळींत पडले. मॅथ्यू आर्नोल्ड हा नामांकित कवि स्वतः शाळातपासनीस होता. त्यानें या पद्धतीवर वर्षानुवर्षें टीका केली. पण ती समूळ जावयास एकोणिसावें शतक सरत यावें लागलें.

हें पाहून कोणी म्हणेल कीं, सारा कारभार स्थानिक लोकांच्याच हातीं द्यावा. तोहि प्रयोग झाला आहे, आणि तो मुंबई इलाख्यांतच झाला आहे. डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे शिक्षणमंत्री असतां प्राथमिक शिक्षणाचा जो कायदा तयार झाला व १९२३ सालीं अंमलांत आला, त्यानें प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डें व म्युनिसिपालिट्या यांच्या स्वाधीन केल्या. हेतु निर्मळ होता. परंतु सक्ती बसवावयाची तर कर वाढवावा लागे, आणि मुलांना घरीं ठेवणाऱ्या बापांस दंड करावा लागे. ज्यांच्या मतांवर निवडून यावयाचें त्यांनाच दंड करावयास कोण धजणार ?

याहून गंभीर प्रश्न निराळाच होता. त्याच १९२३ सालीं सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें संमत केला होता. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्या, असा त्याचा आशय होता. ठराव झाला, पण बहुतेक गांवें जागचीं हललीं नाहींत. गांवचा कारभार म्हणजे गांवांतील वजनदारांचा कारभार. त्यांत अस्पृश्याच्या मुलाची दाद कोण घेणार? म्हणूनच १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें सायमन कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे सोपविणें थांबवावें अशी स्पष्ट मागणी होती. स्वराज्याचा एक हप्ता लोकांच्या हातीं आला म्हणून आनंद मानणाऱ्यांस ही मागणी कडू लागली असेल. पण ज्यांचीं मुलें ओट्याखालीं बसत होतीं, त्यांस दूरचें सरकार जवळच्या बोर्डापेक्षां बरें वाटलें यांत नवल नाहीं.

पुढल्याच वर्षीं, १९२९ मध्यें, हार्टोग समितीचा अहवाल आला. १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या दर १०० मुलांपैकीं तीन वर्षांनीं चौथींत अवघीं १८ उरलीं होतीं, असें तिनें दाखविलें, आणि स्थानिक संस्थांस सत्ता फार सैल हातानें दिली गेली असा अभिप्राय दिला. मुंबईनें १९३८ च्या दुरुस्तीनें व नंतर १९४७ च्या कायद्यानें ती बरीचशी परत घेतली.

म्हणून माप वरून यावें हें खरें. तें नसेल तर आडगांवच्या मुलाचें किती बुडालें हेंच कळावयाचें नाहीं. परंतु मापाबरोबर कापडहि वरूनच येऊं लागलें म्हणजे काय होतें, तें महाराष्ट्रानें अलीकडेच पाहिलें. ‘एक राज्य, एक गणवेश’ या योजनेंत २०२४ सालीं साऱ्या राज्याच्या गणवेशाची व्यवस्था एका ठिकाणाहून झाली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी कित्येक मुलांस गणवेश मिळाला नाहीं, आणि मिळाला तो कोणाला तोकडा, कोणाला ढगळ ! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हें काम पुनः शाळांच्या समित्यांकडे देण्यांत आलें. २०२५ सालीं वार्षिक परीक्षेचें एकच वेळापत्रक राज्यभर लावून ती एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत लांबविली गेली. महाबळेश्वरीं तें चालून जाईल. चंद्रपूरच्या उन्हाचें काय?

या समित्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आल्या. त्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल वर्गांतील पालकांना त्यांच्या प्रमाणांत जागा द्याव्या लागतात. १९२८ सालच्या निवेदनांतील भीतीला कायद्यांत मिळालेलें हें उत्तर म्हणावयास हरकत नाहीं. मात्र सभा भरण्याऐवजीं सभेची वहीच जेथें सहीसाठीं घरोघर फिरते, तेथें तें उत्तर अजून पोंचलेलें नाहीं.