एकाराच्या दोन वाटा

सांगलीत विश्रामबागच्या वर्गाला मी श्रुतलेखनानं सुरुवात करते. इंग्रजी शब्द मी उच्चारायचा, मुलांनी तो देवनागरीत उतरवायचा. लिहायचं ते पेन, दुखतं तेही पेन. मिरी आणि वर्तमानपत्र, दोन्ही पेपर. तारीख डेट, कर्जही डेट. वहीत जोड्याच्या जोड्या सारख्या उतरतात. यात मुलांचा दोष नाही. इंग्रजीत तिथं दोन वेगळे स्वर आहेत : एक आखूड, दुसरा बोलता बोलता इकाराकडे सरकणारा. आपल्याकडे दोघांना मिळून एकच मात्रा. 'बॅट'साठी आपण अर्धचंद्र घेतला, या दुसऱ्या एकारासाठी काहीच केलं नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी पुस्तकातल्या शब्दावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून पाठ करायची सवय जात नाही, आणि हा घोटाळा कॉलेजपर्यंत सोबत येतो. मी ती सवय मोडत नाही. दुखण्याचा शब्द 'पेइन' असा लिहायला सांगते आणि हनुवटीला बोट लावायला लावते. पहिल्या 'पेन'ला हनुवटी जागेवर राहते, दुसऱ्याला किंचित वर येते. हे बोटाला कळलं की कानालाही कळू लागतं.

तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांची मुलं 'वाइन'पाशी अडतात. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून निघते ती बागेतली वेल, ओठांचा चंबू करून निघते ती बाटलीतली. आपला 'व' या दोहोंच्या मधला.

काही गोंधळ उच्चाराचे नसतातच. मराठीत आपण उसनं घेतो आणि उसनं देतो. इंग्रजीत घेणाऱ्याचं 'बॉरो', देणाऱ्याचं 'लेंड'. आपण शिकतो आणि शिकवतो, धातू एकच. तिथं 'लर्न' आणि 'टीच' यांचं एकमेकांशी नातंच नाही. म्हणून वर्गात मराठी बोलल्यास दंड, हा अनेक क्लासचा नियम मला मुळीच पटत नाही. मूल कुठं अडलं ते मराठीतूनच दिसतं.

साताऱ्यातही माझा वर्ग असतो. तिथल्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. आज त्याच गावात माझ्यासमोर बसणारी मुलं मोबाइलवर मालिका पाहून 'गोना', 'वॉना', 'माय बॅड' घेऊन येतात. शब्दशः अर्थ लावला तर 'माझा वाईट' होतो आणि सगळे गप्प बसतात. मग मी त्यांच्याच बोलीतल्या 'विषय हार्ड'चा अर्थ विचारते. अवघड विषय, असं कुणीच सांगत नाही. कुणी मित्राच्या षटकाराचं उदाहरण देतं, कुणी सजवलेल्या बुलेटचं. बोली अशी प्रसंगानं कळते, हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. 'माय बॅड' हे चुकून पाय पडला तर मित्राला म्हणायचं. मुलाखतीत साहेबांना नव्हे. 'गोइंग टू'चं 'गोना' समजायला सांगलीकरांना तर वेळच लागत नाही. 'काय करत आहेस'चं 'काय करालायस' ती मुलं रोजच करतात.

एवढं मात्र बजावून सांगते : असे शब्द आधी ऐकून ओळखा, वापरायची घाई नको. पुण्यातल्या कंपनीत फोनवर बोलताना 'गोइंग टू' सावकाश, पूर्ण म्हटलं तरी काहीही बिघडत नाही. पलीकडच्याचं 'गोना' कळलं नाही, तर मात्र काम अडतं.