मुरमांवर टी ट्री तेल: बाटलीत शंभर टक्के, चाचणीत पाच

मुरमांवर जायफळ उगाळून लावणाऱ्या घरांत आता तपकिरी काचेची छोटी बाटलीही आली आहे. लॅव्हेंडर, लिंबू, रोझमेरी अशी कितीतरी सुगंधी तेलं ‘मुरमांवर गुणकारी’ म्हणून विकली जातात. त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीशी जाहिरातीपलीकडे फारसं काही नाही. त्यातल्या त्यात नीट तपासलं गेलेलं तेल म्हणजे टी ट्री ऑइल.

टी ट्रीचं झाड ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातलं, आपल्या जांभूळ, पेरू, लवंगेच्या कुळातलं. तिथले बंडजालुंग आदिवासी त्याची पानं चुरडून जखमांवर लावत. १९२०च्या दशकात सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी तेलाची जंतुनाशक शक्ती मोजली, तेव्हा ती कार्बोलिक आम्ल या तेव्हाच्या प्रचलित जंतुनाशकापेक्षा कितीतरी जास्त भरली. ही करामत मुख्यतः टर्पिनेन-४-ऑल या घटकाची. तो जिवाणूंच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतो.

पण मुरूम म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, मृत पेशींनी रंध्राचं तोंड बुजतं आणि आत अडकलेल्या तेलावर एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे जिवाणू फोफावतात. मग सूज येते. टी ट्री तेल यातल्या जिवाणूंवर आणि थोडंफार सुजेवर काम करतं. संप्रेरकांपुढे त्याचं काही चालत नाही.

१९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना टी ट्री तेलाचं ५ टक्क्यांचं जेल दिलं, काहींना बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाचं ५ टक्क्यांचं लोशन. मुरमं दोन्हीकडे कमी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण कोरडेपणा आणि आग कमी झाली. २००७मध्ये इराणात ६० जणांवर ४५ दिवस झालेल्या चाचणीतही ५ टक्क्यांचं जेल औषधविरहित जेलपेक्षा सरस ठरलं. तरी अशा चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्याने हा पुरावा कमी दर्जाचा ठरवला.

घरी नेमकं चुकतं ते प्रमाणात. चाचणीत वापरलं ते ५ टक्के, बाटलीत असतं ते शंभर टक्के. म्हणजे एका थेंबाला दुसऱ्या सौम्य द्रवाचे एकोणीस थेंब हवेत. आपण कापसाचा बोळा बुडवतो आणि थेट गालावर टेकवतो! पातळ करायला खोबरेल घ्यावं, तर ते रंध्रं बुजवण्याबद्दल बदनाम. त्यापेक्षा ५ टक्क्यांचं तयार जेल बरं.

शिवाय हे तेल शिळं होतं. हवा आणि उजेड लागला की त्यात पेरॉक्साइडं तयार होतात आणि त्यांनीच अ‍ॅलर्जीचं पुरळ उठतं. खिडकीत वर्षभर उघडझाप झालेली बाटली सरळ टाकून द्यावी. बाकीच्या तेलांचाही धोका आहेच: सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं, तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. आपल्या सावळ्या त्वचेला हे जास्त महागात पडतं, कारण पुरळ जातं पण त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ या प्रश्नाचं उत्तर तो डागच देतो.

माझं मत विचाराल तर तुरळक, बारीक मुरमांसाठी ५ टक्क्यांचं जेल वापरून पाहायला हरकत नाही. आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. डोळ्यांजवळ लावू नका. हे तेल पोटात गेलं तर विषारी ठरतं, तेव्हा बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि दुखऱ्या, खोल गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर तेलाचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पडलेले खड्डे कुठल्याच तेलाने भरून येत नाहीत.