फ्लॅनेलचं दुपटं शिवायचंय? कापड आधी पाण्यातून काढा, मगच कात्री लावा

थंडी पडू लागली, की बेळगावचा खडेबाजार असो नाहीतर इंदूरचं तुकोजीराव क्लॉथ मार्केट, दुकानांत फ्लॅनेलचे तागे पुढे येतात. घरात पाळणा हलणार असेल, तर आजी, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी दोन-तीन मीटर कापड आणतंच. बाळंतविड्यात कुंची, झबली, टोपडी, लंगोट यांच्या जोडीला एक ऊबदार दुपटं हवंच. कापड मऊ, शिवण सरळ. तासाभरात काम उरकतं. पण पहिल्याच धुण्यात चौकोनी दुपटं वाकडं होतं, कडेला चुण्या पडतात आणि मधला भाग फुगून वर येतो. शिवणारीचा हात चुकलेला नसतो. कापड न भिजवता शिवलेलं असतं, एवढंच.

सुती कापड आटतं का, याचं उत्तर मागावर सापडतं. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायची गरज नाही. विणताना उभा धागा ताणून धरलेला असतो. पुढे रंगवताना, वाळवताना, इस्त्रीच्या रुळांवरून जाताना कापड आणखी ओढलं जातं. पाणी लागलं की धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापावर येतं. त्यामुळे लांबीत ते जास्त आटतं, पन्ह्यात कमी. फ्लॅनेलमध्ये आणखी एक भानगड आहे. त्याची मऊ लव बारीक तारांच्या ब्रशने धागा खरवडून उठवलेली असते आणि ती नीट उठावी म्हणून धाग्याला पीळ कमी दिलेला असतो. सैल धाग्याचं कापड जास्त आटणारच. साधं सुती कापड शेकडा ३ ते ५ आटतं, फ्लॅनेल ५ ते ८. हलक्या प्रतीचं असेल तर १० पर्यंतही जातं. शिलाईचा पॉलिस्टर दोरा मात्र तसूभरही आटत नाही. कडेच्या चुण्या पडतात त्या इथे.

पूर्वी मिलच्या चांगल्या कापडाच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असायचा. अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास काढलेली ही पद्धत. त्यात कापड कारखान्यातच आटवून घेतात. शर्टाच्या कापडाला ती प्रक्रिया बहुतेकदा केलेली असते. ताग्यावरून फाडून घेतलेल्या फ्लॅनेलवर तसं काही लिहिलेलं नसेल, तर ते आटणार असंच धरून चालावं.

किती कापड घ्यायचं?

इथे बरेचजण फसतात. ३६ इंची पन्हा म्हणजे ९१ सेंटिमीटर. आटून आणि दोन्ही बाजूंची दुमड जाऊन हातात साधारण ८५ सेंटिमीटरच राहतात. तेव्हा या पन्ह्यातून एक मीटर कापडात ८५ सेंटिमीटरचं चौरस दुपटं व्यवस्थित होतं. मीटरभराचं होत नाही. पूर्ण एक मीटरचं हवं असेल तर ४४ इंची पन्हा शोधावा आणि लांबी १ मीटर १५ सेंटिमीटर घ्यावी. दुकानदार ‘आटत नाही’ म्हणाला तरी एवढं जास्तीचं घेतलेलं बरं.

धुण्याचा नियम एकच आहे: तयार दुपटं पुढे ज्या पाण्यात धुतलं जाणार, त्याच पाण्यात कापड आधी धुवायचं. बाळाचे कपडे आपल्याकडे गरम पाण्यात धुतात, काही घरांत उकळतातही. अशा घरात कापड नुसतं थंड पाण्यात बुचकळून काढलं, तर अर्धंच काम होतं. उरलेलं आटणं दुपटं शिवून झाल्यावर होतं. फ्लॅनेल दोनदा धुतलं तर अधिक चांगलं, कारण पहिल्या धुण्यात ते सगळं आटेलच असं नाही. कापलेल्या दोन्ही कडांना आधी झिगझॅग किंवा मोठा कच्चा टाका घालावा, नाहीतर धागे सुटून बादलीत गुंता होतो. साबण सौम्य आणि थोडा, खळबळणं मात्र एकदा जास्त. पिळू नये, दाबून पाणी काढावं. लव सुटते, म्हणून पहिल्या वेळी बाकीच्या कपड्यांत घालू नये. वाळल्यावर इस्त्री करून, कोपरे काटकोनात ओढून घ्यावेत आणि मगच मापं टाकावीत.

रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून कळतं. ‘मीठ टाका, रंग पक्का होतो’ हा सल्ला घरोघरी मिळतो. रंगाऱ्याच्या भांड्यात मीठ कामाचं असतं, कारण त्याने रंग धाग्याकडे ओढला जातो. पण तयार कापडातला सुटा रंग मिठाने बसत नाही. तो पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन काढावाच लागतो, आणि बाळाच्या तोंडात दुपट्याचं टोक जातंच जातं! नव्या कापडात खळ असते, गोदामाची धूळ असते, चुण्या पडू नयेत म्हणून केलेल्या प्रक्रियेतलं फॉर्मल्डिहाइडही कधीकधी असतं. तान्ह्याच्या पातळ त्वचेला ते झोंबू शकतं. धुण्याने ते कमी होतं.

सॉफ्टनर मात्र वापरू नये. धाग्यावर त्याचा थर बसला की कापड ओल शोषत नाही. शिवाय लव असलेलं सुती कापड मुळातच लवकर पेट घेतं आणि सॉफ्टनरने ती शक्यता वाढते. ज्या घरांत अजून बाळ-बाळंतिणीला शेक आणि धुरी देतात, तिथे शेगडीजवळ फ्लॅनेलचं दुपटं न नेणंच शहाणपणाचं.

जुन्या बायका हे काही न करताही चांगली दुपटी शिवायच्या, असा मुद्दा कुणी काढेल. खरं आहे. पण त्या नवं कापड घेतच नव्हत्या. कोल्हापूर-बेळगावकडची वाकळ, कानडी घरातली कौदी, देशावरची गोधडी, सगळ्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या. शेकडो वेळा धुतलेल्या त्या कापडात आटायला काही उरलेलंच नसायचं. हल्ली वरून नवं फ्लॅनेल आणि आतून आजीची सुती साडी अशी दुपटी शिवतात. कल्पना गोड आहे, पण न धुता शिवलं तर फ्लॅनेल आटतं, साडी तशीच राहते आणि दुपट्याची पिशवी होते. दोन थरांच्या दुपट्याला आधी धुणं म्हणूनच टाळता येत नाही. एकाच थराचं, फक्त कडा दुमडलेलं असेल तर थोडं मोठं शिवून मग धुतलं तरी चालून जातं.

‘फ्लॅनेल’ म्हणून विकलं जाणारं सगळंच सुती नसतं, हेही पाहावं. दोन-चार धागे काढून, कापडापासून लांब, ताटलीत जाळून बघावेत. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. ते फारसं आटत नाही, एकदा साधं धुतलं की पुरे.

आणि दुपटं आधीच शिवून झालं असेल, तर गरम पाण्यात एकदा धुऊन, कडांची शिवण उसवून, ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी. मग कडा नव्याने सरळ कापून पुन्हा दुमडाव्यात. दुपटं चार बोटं लहान होईल, पण चौकोनी राहील.