जुनं घर, जुनं झाड आणि मुळांवरचा कोबा

पुण्यात एरंडवण्यात आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत, मुंबईत पार्ल्याच्या पूर्वेला, ठाण्यात नौपाड्यात अजूनही काही जुने बंगले आणि दुमजली वाडे तग धरून आहेत. आवार लहान, कुंपणालगत दहा फुटांची पट्टी, आणि त्या पट्टीत घराबरोबरच वाढलेला आंबा, फणस, मागच्या मोरीपाशी एखादा नारळ. लावणारी पिढी गेली. झाड आता साठ-सत्तर वर्षांचं आहे, त्याच्या फांद्या शेजाऱ्याच्या गच्चीवर आणि विजेच्या तारांवर गेल्या आहेत. मे महिना आला की घरात एकच चर्चा सुरू होते: पावसाआधी झाड ‘साफ’ करून घ्यायचं का?

तौक्ते वादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलं तेव्हा शहरात शेकडो झाडं कोसळली. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या होत्या. अशा वेळी दोष वाऱ्याला जातो. पण शहरात उन्मळून पडलेल्या झाडाचा बुंधा जवळून पाहावा. बऱ्याचदा एका बाजूची जाड मुळं सपाट कापलेली असतात, आणि कापलेल्या टोकांना जुनी काळी कूज असते. ती मुळं वादळाच्या कितीतरी वर्षं आधी तुटलेली असतात: केबलच्या चरात, ड्रेनेजच्या खोदाईत, कुंपणाची भिंत नव्याने बांधताना.

मुळांबद्दल आपल्या मनात एक चुकीचं चित्र आहे. झाड जितकं वर तितकंच खाली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. दख्खनच्या पठारावर तर मातीचा थर पातळ आणि त्याखाली मुरूम, नाहीतर कातळ. मुळांना आडवं जाण्यावाचून गत्यंतर नसतं. रुंद परातीत तांब्या उभा करावा, तसं झाड उभं असतं. परातीची एक बाजू कापून काढली तरी तांब्या लगेच कलंडत नाही, पण त्याचा आधार गेलेला असतो.

ही परात केवढी, ते मोजता येतं. झाडांजवळच्या बांधकामासाठी ब्रिटनमध्ये जे मानक वापरतात, त्यानुसार खोडाचा दीड मीटर उंचीवरचा व्यास घ्यायचा आणि त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ सुरक्षित धरायचं. अर्धा मीटर व्यासाच्या आंब्यासाठी हे वर्तुळ सहा मीटर त्रिज्येचं होतं. छोट्या प्लॉटवर ते निम्मं आपल्या घराखाली आणि उरलेलं शेजाऱ्याच्या आवारात जातं. शेजाऱ्याने पार्किंगसाठी खणलेला चरही म्हणूनच आपल्या झाडाचा प्रश्न असतो. दोन्ही घरांनी मिळून झाडांचा एकच जाणकार बोलवावा, असं मी आग्रहाने सांगेन. खर्चही वाटला जातो आणि पुढची भांडणंही टळतात.

त्यानंतरचा घाव पेव्हर ब्लॉकचा आणि कोब्याचा. आवार स्वच्छ दिसावं, चिखल होऊ नये म्हणून बुंध्याला भिडवून फरशी घातली जाते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती बंद झाली की बारीक शोषक मुळं मरू लागतात आणि काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो. तोवर फरशीची आठवणही कुणाला राहिलेली नसते, मग खतं आणि औषधं सुरू होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मोठ्या झाडाला एक मीटर म्हणजे अगदी किमान. जमेल तेवढी जमीन उघडी करावी. फरशी काढताना पहार आणि जेसीबी नको. हाताने, खुरप्याने माती मोकळी करावी आणि वर पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर द्यावा. हा थर बुंध्याला मात्र टेकू देऊ नये, साल कुजते. जुन्या झाडाला पार बांधून वर माती भरणं हेही तितकंच घातक; बुंधा जिथे जमिनीजवळ रुंद होतो तो भाग उघडाच हवा.

आता छाटणी. आपल्याकडे झाड कापणारे येतात ते दोर, कोयता आणि आता पेट्रोलची करवत घेऊन. दर झाडामागे ठरतो आणि लाकूड बऱ्याचदा तेच नेतात, म्हणजे जास्त कापण्यातच त्यांचा फायदा असतो. त्यामुळे बोडकी छाटणी होते: शेंडा उडवायचा, फांद्या मध्येच तोडून खुंट ठेवायचे. वर्षभरात त्या खुंटांवर धुमाऱ्यांचा झुबका येतो आणि घरच्यांना वाटतं, झाड छान फुटलं. ते धुमारे सालीलगतच्या थरातून आलेले असतात, त्यांची पकड कच्ची असते. खाली खुंट कुजत जातो, वर धुमारे जड होत जातात. पाचसहा वर्षांनी वाऱ्यात तेच आधी तुटतात.

अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून तपासली आणि १९७०च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि त्याला कोंडून टाकतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. ही भिंत सगळ्यात बळकट तिथेच बनते. म्हणून काप त्या वळीच्या बाहेरून घ्यायचा, खोडाला लागून सपाट नाही आणि खुंट ठेवूनही नाही. जड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी खोडापासून फूटभर लांब खालून अर्धवट, मग किंचित पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर वळीपाशी शेवटचा. एकाच कापात तोडली तर ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. काम देण्याआधी माणसाला हा क्रम विचारावा. त्याचं उत्तर ऐकलं की त्याला किती कळतं ते समजतं.

एका वेळी हिरव्या पाल्याच्या पाव भागाहून जास्त कधीच काढू नये, आणि म्हाताऱ्या झाडाचा त्याहूनही कमी. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याचा उपयोग नाही, उलट आत ओल कोंडते. कोकणातल्या आंबाबागांत बोर्डो पेस्ट लावतात. ते बुरशीनाशक असल्यामुळे त्याचा भाग वेगळा. आंब्याची छाटणी आंबे उतरल्यावर लगेच करावी, उशीर झाला तर पुढचा मोहोर जातो. आणि मे-जूनमध्ये करवत चालवण्याआधी वर घरटी आहेत का ते पाहून घ्यावं. कावळ्यांची वीण नेमकी तेव्हाच असते.

ढोलीची भीती मोठी असते, पण पोकळ झाड म्हणजे धोक्याचं झाड असं नाही. गाभ्याचं लाकूड मेलेलंच असतं; झाड जगतं ते सालीखालच्या थरावर आणि उभं राहतं ते बाहेरच्या नळीवर. निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश असेल तर ते बहुधा पुरतं, असा ठोकताळा जाणकार वापरतात. ते लाकडी हातोडीने खोड वाजवून आवाज ऐकतात आणि शंका आली तर ध्वनिलहरींच्या यंत्राने आतलं चित्र काढतात. ढोलीत विटा आणि सिमेंट भरणं ही जुनी पद्धत पाश्चात्त्य देशांत केव्हाच मागे पडली. आपल्याकडे मात्र ती अजून दिसते. झाड वाऱ्यात लवतं, सिमेंट लवत नाही, आणि आतलं लाकूड घासून आणखी कुजतं. खरी धास्ती घ्यावी ती बुंध्याशी उगवलेल्या लाकडासारख्या कडक अळिंबीची, मुळांजवळ जमिनीला नव्याने पडलेल्या भेगेची, अचानक वाढलेल्या कलाची. यातलं काही दिसलं तर झाडाखाली गाडी लावणं थांबवावं आणि त्याच आठवड्यात जाणकाराला आणावं. सालीवर वाळवीची माती दिसली म्हणून झाड गेलं असं समजू नये; ती बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खाते. आंब्याच्या खोडातून भुसा पडत असेल तर मात्र भिरूड आत शिरला आहे. नारळाच्या खोडातून लालसर रस गळत असेल तर सोंड्या भुंगा. दोन्हींना वेळ देऊन चालत नाही.

आधाराने काय साधतं त्याची मोठी उदाहरणं देशात आहेत. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वटवृक्षाचं मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं. वड आजही पारंब्यांवर पसरतो आहे. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री वडाला २०१८ मध्ये वाळवीवर उपाय म्हणून सलाइनच्या बाटल्यांतून औषध दिलं गेलं आणि जड फांद्यांखाली टेकू उभारले गेले. घरच्या आंब्याच्या आडव्या फांदीलाही योग्य जागी टेकू देता येतो. फांदीभोवती तार गुंडाळून मात्र कधीच बांधू नये. दिवाळीच्या माळांनाही हेच लागू: सैल सोडाव्यात, खिळे मारू नयेत आणि तुळशीचं लग्न झालं की उतरवून ठेवाव्यात.

घराच्या पायाला झाडामुळे तडे जातात, ही तक्रार मुरमावर बांधलेल्या घरांच्या बाबतीत क्वचितच खरी ठरते. काळ्या मातीत ती खरी असू शकते, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि झाड तिच्यातलं पाणी ओढतं. जुन्या चिनीमातीच्या ड्रेनेज पाइपात मुळं शिरतात तीही सांधे आधीच गळत असतात म्हणून. पाइप बदलावा, झाड वाचतं.

कायद्याचंही भान हवं. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाड ‘तोडणं’ यात ते जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. स्वतःच्या आवारातल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडायची वेळ आली तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. जुन्या घरांची बरीच झाडं या वयात आधीच पोचली आहेत, म्हणून लावल्याचं वर्ष सांगणारा एखादा जुना फोटो किंवा पत्र जपून ठेवावं.

खरी कसोटी पुनर्विकासात लागते. कागदावर झाड ‘राखलं’ असं लिहिलेलं असतं आणि तळघरातल्या पार्किंगसाठी त्याच्यापासून एका हातावर वीस फुटांचा खड्डा खणला जातो. बिल्डरशी करार करताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. मुळांच्या वर्तुळाभोवती काम सुरू होण्याआधी पक्कं कुंपण घालायचं. त्याच्या आत खडी, सळ्या ठेवायच्या नाहीत आणि सिमेंटचं पाणी ओतायचं नाही. आणि खोदाई त्या रेषेजवळ आली की झाडांचा जाणकार जागेवर हजर असायला हवा, त्याची फी बिल्डरने द्यायची. ही वर्तुळं दाखवणारा नकाशा आर्किटेक्टच्या हातात पहिल्याच बैठकीत द्यावा, कारण आराखडा मंजूर झाल्यावर तळघराची रेषा हलवायला कुणीच तयार होत नाही.