दोन रंगांच्या बाहुल्या

एखाद्या समाजाला दुसऱ्याने हीन लेखले, म्हणजे त्याला दुःख होते आणि संतापही येतो. परंतु हीन लेखणाऱ्याचा अभिप्राय पिढ्यानपिढ्या कानावर पडून हीन लेखलेल्याच्याच मनात वस्तीला आला, की मग अपमान करण्यासाठी बाहेरच्या माणसाने समोर असण्याचीही आवश्यकता उरत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बाबतीत या अदृश्य गोष्टीचा पुरावा गोळा करून तो न्यायासनापुढे ठेवण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्याला झाला. त्याची हकीकत उद्बोधक आहे. आणि वाटते तितकी सरळ नाही.

मेमी फिप्स ही आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज या गावची मुलगी. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात कृष्णवर्णीय मुलांना आपल्या वेगळेपणाची जाणीव केव्हा व कशी होते, हा तिच्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय होता. पुढे तिने आणि तिचे पती केनेथ क्लार्क यांनी कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्ययन केले ते हेच विद्यापीठ. या दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. चारही एकाच साच्यातल्या, अंगावर केवळ लंगोट. फरक एवढाच, की दोन तपकिरी व काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या व पिवळ्या केसांच्या. मग एकेक मागणी करण्यात आली. तुला खेळायला आवडेल ती दे. छान बाहुली दे. वाईट दिसते ती दे. आणि सर्वांत शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे.

१९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेळण्यासाठी गोरी बाहुली मागणारी मुले शंभरात ६७ होती. वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुली पुढे करणारी ५९. शेवटच्या मागणीला ६६ मुलांनी तपकिरी बाहुली दिली आणि ३३ मुलांनी गोरी. ही मागणी मुद्दामच शेवटी ठेवलेली होती. आधी ‘वाईट’ म्हणून जिच्याकडे बोट दाखवले, तिच्याशीच आता आपले नाते सांगायचे, हे ध्यानात येताच काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. टक्केवारीच्या कोष्टकाला या रडण्याची नोंद ठेवता येत नाही. खरे पाहता प्रयोगाचे सार त्यातच होते.

मुलांना हे कोणी शिकवले? कायद्याने दास्य १८६५ साली संपले. त्या घटनेचा प्रकाश पार पुण्यापर्यंत पोचला होता आणि १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. परंतु दास्यकाळाने एक प्रतवारी मागे ठेवली होती. मालकापासून झालेल्या उजळ वर्णाच्या संततीतील काहींना इतरांच्या आधी मुक्ती मिळाली, थोडे शिक्षण आणि मालमत्ता मिळाली. त्यामुळे उजळ वर्ण हे सुस्थितीचे लक्षण ठरले, आणि गोऱ्यांनी काळ्यांना लावलेली फूटपट्टी काळ्यांनी एकमेकांना लावली. विवाह जुळवताना, मंडळात प्रवेश देताना कातडीची छटा पाहिली जाऊ लागली. कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांत कांती उजळ करणाऱ्या मलमांच्या जाहिराती झळकू लागल्या. आपल्याकडील वधूवरविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण वाचण्याची सवय असलेल्यांनी या गोष्टीस हसण्याचे कारण नाही. शिवाय चित्र एकरंगी नाही. केसांच्या प्रसाधनांचा व्यापार उभा करणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतंत्र उपजीविका दिली. आणि नॅशव्हिल येथे रिचर्ड बॉइड या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांच्या हाती आपल्या रंगाची बाहुली असावी म्हणून १९११ साली बाहुल्यांची कंपनीच काढली.

१९५१ साली दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन तालुक्याच्या विभक्त शाळांविरुद्ध दावा उभा राहिला, तेव्हा क्लार्क आपल्या बाहुल्या घेऊन तेथे गेले. १६ मुलांपैकी १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. ११ मुलांना तपकिरी बाहुली वाईट वाटली. वादीपक्षाच्याच काही वकिलांनी या बाहुल्यांची थट्टा केली, परंतु थर्गुड मार्शल यांनी तो पुरावा सोडला नाही. अन्य दाव्यांसह हा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांचे नाव पहिले आहे.

मात्र या पुराव्यात एक अडचण दडलेली होती, आणि विरोधकांनी ती नेमकी हेरली. १९४७ च्या प्रयोगातील काही मुले दक्षिणेतील विभक्त शाळांतली होती, काही उत्तरेतील मॅसॅच्युसेट्सच्या मिश्र शाळांतली. खेळण्यासाठी गोरी बाहुली दक्षिणेत शंभरात ६२ मुलांनी मागितली, उत्तरेत ७२ मुलांनी. तपकिरी बाहुलीला वाईट म्हणणारी मुले दक्षिणेत ४९, तर उत्तरेत ७१! शाळा एकत्र केल्याने न्यूनभाव जात असेल, तर हे आकडे उलटे हवे होते. दक्षिणेतील मुलाने आपली पायरी मुकाट्याने स्वीकारली आहे, उत्तरेतील मुलाच्या मनात अद्याप झगडा चालू आहे, असे क्लार्क यांचे स्पष्टीकरण होते. त्यात तथ्य असेलही. परंतु फूटपट्टी केवळ शाळेच्या दारावर टांगलेली नव्हती, हा अर्थ अधिक उघड आहे. ती चित्रांच्या पुस्तकांत होती, दुकानांच्या काचेआड होती, सिनेमाच्या पडद्यावर होती.

निकालाची अंमलबजावणी झाली तीही याच फूटपट्टीने. एकत्रीकरण याचा व्यवहारातील अर्थ बहुधा असा झाला, की कृष्णवर्णीयांची शाळा बंद करावयाची आणि मुलांनी गोऱ्यांच्या शाळेत जावयाचे. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक यांना नोकऱ्यांस मुकावे लागले, असा अंदाज आहे. मुलाच्या मनातील न्यूनभाव घालवण्यासाठी दिलेल्या निकालानंतर, त्याच्यासारखा दिसणारा जो विद्वान माणूस त्याला रोज फळ्यापुढे दिसत असे, तोच नाहीसा झाला. मुलाला विभक्त शाळा नको आणि मिश्र शाळाही नको, त्याला शिक्षण हवे, असे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ सालीच बजावले होते.

पुढील संशोधनाने आणखी एक भेद स्पष्ट केला. विल्यम क्रॉस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आपल्या समाजाला जगात काय किंमत आहे याचे ज्ञान आणि स्वतःविषयीचा तिटकारा, या दोन गोष्टी एक नव्हेत. आत्मसन्मानाची प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या अनेक अभ्यासांत कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांहून उणी आढळली नाहीत. कित्येकदा वरचढच ठरली. घर, आजी, चर्च, शेजार यांनी मुलाभोवती केलेले कुंपण बाहुल्यांच्या प्रयोगात मोजलेच गेले नव्हते. गोरी बाहुली छान म्हणणारे मूल कदाचित जगाचा बाजारभाव अचूक सांगत होते.

तो बाजारभाव मात्र सहजी उतरत नाही. २००५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कीरी डेव्हिस या तरुणीने आपल्या लघुपटासाठी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा २१ मुलांपैकी १५ मुलांनी गोरी बाहुलीच पसंत केली. अलीकडे कायद्याचे लक्ष मुलाच्या मनाकडून नियम करणाऱ्यांकडे वळलेले दिसते. कुरळ्या केसांच्या वेण्या व जटा ‘नीटनेटक्या’ नाहीत म्हणून शाळेत वा कचेरीत मज्जाव करण्यास कॅलिफोर्नियाने २०१९ साली बंदी घातली, आणि नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले. देशभर लागू होईल असे विधेयक २०२२ च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले होते. सिनेटमध्ये ते अडले.