सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

नवतपा लागलाय, पारा ४५ च्या पुढे गेलाय. अमरावती-नागपूर रस्त्यावर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट ओलांडून एक जुनी, कार्बोरेटरवाली मारुती ८०० ढाब्यावर थांबते. चहापाणी आटोपून पंधरा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, तर सेल्फ खणखणीत फिरतो. इंजिन मात्र काही केल्या पकडत नाही. घाटात कुरकुर न केलेली गाडी लिंबाच्या सावलीत उभ्या उभ्या बिघडते! रहस्यकथेत शोभेल असं हे कोडं आहे, आणि ते सोडवायला निम्मं काम कान आणि नाकच करतात.

आधी कान. सेल्फ मारला की इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलिंडर; प्रत्येकाचा दाब येण्याची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके. हा ठेका नीट ऐकू आला तर दाब आहे. पण सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर, एकसुरी फिरत असेल तर टायमिंग बेल्टवर संशय घ्यावा. या इंजिनात बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो. त्याच्याबरोबर व्हॉल्व्ह थांबतात, डिस्ट्रिब्युटरचा रोटर थांबतो आणि पेट्रोल पंपही थांबतो. रबराचा एक पट्टा जातो आणि दाब, ठिणगी, पेट्रोल तिन्ही एकदम गायब! डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. रोटर जागचा हलला नाही तर पुढचा तपास करायलाच नको, गाडी ओढून न्यायची.

ठेका बरोबर असेल तर मिस्त्रीचा पुढचा प्रश्न ठरलेला: करंट येतो का? जुन्या गाडीतला हा करंट म्हणजे मला आजही अचंबा वाटणारी गोष्ट आहे. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. कोरड्या बोटांना तो जाणवतही नाही. पण कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक जाड आणि थोडका, दुसरा केसासारखा बारीक आणि हजारो फेऱ्यांचा. जाड तारेतला प्रवाह पॉइंट उघडून झटक्यात तोडला की तिचं चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब उसळतो. १८३१ साली फॅरेडेने प्रयोगशाळेत पाहिलेलं तत्त्व इथे बोनेटखाली काम करतं. इंजिन नुसतं सावकाश चालू असतानाही सेकंदाला वीस वेळा, आणि प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी.

गंमत अशी, की बॅटरीवरची ही ठिणगी व्यवहारात रुळवणारा आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ स्टार्टर आणणारा माणूस एकच, अमेरिकेतला चार्ल्स केटरिंग. त्याच्या या दोन लेकरांचं आपसात मात्र पटत नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या आसपास उतरतो आणि कॉइलच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणूनच थकलेल्या बॅटरीवर सेल्फ फिरतो, ठिणगी मात्र पिवळट, मरतुकडी पडते. प्लग काढून वायरीला लावायचा, त्याची लोखंडी बाजू इंजिनाला टेकवायची, वायर रबरी मुठीच्या पकडीत धरायची आणि जवळपास सांडलेलं पेट्रोल नाही ना, हे आधी पाहायचं. निळसर ठिणगी टक्‌कन उडाली की विजेचं खातं निर्दोष.

उरलं पेट्रोल. एका सिलिंडरचा घास २६५ घनसेंटिमीटर हवेचा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हिशेब केला तर पूर्ण भरलेल्या घासात पेट्रोल येतं जेमतेम थेंबभर. घाट चढली ती असल्या थेंबांवर. आणि हा थेंब द्रवरूपात कामाचा नाही, त्याची वाफ व्हावी लागते. हवेत ही वाफ दीड टक्क्यापेक्षा कमी झाली तरी पेटत नाही आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरी पेटत नाही. एवढ्याशा पट्ट्यात सगळा संसार.

ढाब्यावरचं कोडं नेमकं इथे सुटतं. गाडी धावत असताना वारा असतो, पंखा असतो, पाणी फिरत असतं. इंजिन बंद केलं की हे सगळं थांबतं, पण तापलेल्या लोखंडातली धग कुठे जाणार? ती बोनेटखालीच कोंडते आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं तिथलं तापमान उलट वाढत जातं. पेट्रोल हे शेकडो द्रव्यांचं मिश्रण. त्यातली हलकी द्रव्यं ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. डिसेंबरच्या पहाटे थंडगार गाडी चालू होते ती याच हलक्या भागाच्या जिवावर, आणि मे महिन्यात दगा देतो तोही हाच. जुन्या ८०० चा पंप इंजिनाला चिकटलेला, टाकी मागे आणि खाली. पंपाला पेट्रोल ओढावं लागतं, ओढताना नळीतला दाब घटतो आणि दाब घटला की उकळणं आणखी सोपं होतं. नळीत वाफेचा गोळा तयार होतो. पंपाचा पडदा वर-खाली होतो, पण वाफ नुसती दबते आणि फुगते. पेट्रोल पुढे सरकत नाही. पुस्तकात याला व्हेपर लॉक म्हणतात, गॅरेजात सर्रास ‘एअर लॉक’. ‘गरम झाली भाऊ, थोडी थंडी होऊ द्या,’ हा सल्ला ऐकायला टाळाटाळ वाटतो, पण भौतिकशास्त्राला धरून आहे.

घाई असेल तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवायचं. विदर्भात ही युक्ती इतकी लागू पडते त्यामागे इथली कोरडी हवा आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घर गार करतो ते याच हवेमुळे. ४५ अंशांत आर्द्रता १५ टक्के असेल तर वाऱ्यावरचं ओलं कापड २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. इंजिनाच्या धगीत इतकं नाही, पण वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायला पुरेसं. मुंबईच्या दमट हवेत हेच फडकं निम्म्यानेही काम करणार नाही. पाणी मात्र डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नका, नाहीतर एक दुखणं घालवून दुसरं आणाल. (जुलैच्या झडीत टोपीच्या आत ओल धरून गाडी अडते ती वेगळी, तिथे कोरडं फडकं लागतं.)

पण थांबा, हीच धग अगदी उलटा खेळही करते. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून उतू जातं, आत सांडतं, प्लग ओले होतात आणि वाफेचं प्रमाण वरची हद्द ओलांडतं. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे ओला दुष्काळ. सेल्फचा आवाज दोन्हींत सारखाच. आता नाकाची पाळी. बोनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला तर ‘ओव्हर’ झालंय. मग चोकला हात न लावता अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. भरपूर हवा आत जाऊन जादाचं पेट्रोल बाहेर निघतं. वास नसेल तर एअर फिल्टरचं झाकण काढून, सेल्फ न मारता, कार्बोरेटरच्या घशात डोकवा आणि हाताने थ्रॉटल ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी. घसा कोरडाच राहिला, तर वाटी रिकामी आहे.

पुढे आलेल्या इंजेक्शनवाल्या ८०० मध्ये पंप टाकीतच बुडवलेला. तो पेट्रोल ओढत नाही, मागून जोराने ढकलतो. नळीत दाब चढलेला राहतो आणि दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही. ती अडली तर किल्ली ‘ऑन’ करून मागच्या सीटकडे कान द्या. दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर नवा पंप घेण्याआधी फ्यूज बघा.