शाळेच्या छापील कागदांतील कायम भाग : जतन आणि पुनर्वापर

प्राथमिक शाळेतून वर्षाकाठी अनेक प्रकारचे छापील कागद बाहेर पडतात. प्रश्नपत्रिका, शब्दपट्ट्या, गुणगौरवाची प्रमाणपत्रे, बोनाफाइड दाखले, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांच्या सूचना, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे आणि क्वचित एखादा वार्षिक अंक. पूर्वी हे काम हाताने किंवा सायक्लोस्टाइलवर होत असे. आता ते बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. या कागदांकडे बारकाईने पाहिले असता असे दिसून येते की, त्यांतील पुष्कळसा भाग दरवेळी तोच असतो. शाळेचे नाव व पत्ता, अकरा अंकी यू-डायस क्रमांक, बोधचिन्ह, भोवतीची चौकट, मथळ्याच्या अक्षरांचा आकार, सहीची जागा, यांत बदल होत नाही. बदलतो तो मजकूर थोडा असतो.

असे असूनही सर्वत्र रूढ झालेली रीत निराळीच आहे. गेल्या खेपेची फाइल उघडावयाची, जुने नाव पुसावयाचे, नवे लिहावयाचे आणि छापावयाचे. ही रीत सोयीची वाटते खरी. परंतु तिच्यात कायम भागाबरोबर जुना मजकूरही नकळत पुढे जातो. दाखल्यावर मुलीचे नाव बदलले जाते आणि जन्मतारीख मात्र आधीच्या मुलाचीच राहते. शिक्षकाच्या हातून घडलेली ही चूक एका क्षणाची असते. ती उघडकीस येते तेव्हा मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेली असते, आणि तिच्या बापाला मजुरी बुडवून लोणारहून किंवा संग्रामपूरहून हेलपाटे घालावे लागतात. म्हणून कोणता भाग जतन करावयाचा व कोणता करावयाचा नाही, हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही.

मुद्रणाच्या धंद्याने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविलेला आहे. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात सबंध पान एकाच दगडावर उतरते. त्यातली चौकट तेवढी उचलून दुसऱ्या पानास लावता येत नाही. खिळ्यांच्या छपाईत तसे नाही. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याची (स्थापना १८६९) कीर्ती सुबक देवनागरी खिळ्यांमुळे झाली, हे प्रसिद्धच आहे. अशा छापखान्यांत अक्षरे, रेघा, वेलबुट्टीचे तुकडे आणि चित्रांचे ठोकळे हे सर्व सुटे असे. काम संपले की प्रत्येक वस्तू पुसून आपापल्या खान्यात परत जाई आणि पुढच्या कामास तेथूनच घेतली जाई. पावतीपुस्तकासारखे वारंवार लागणारे काम असेल तर त्याची जुळणी सुतळीने बांधून तशीच ठेवीत. मात्र नाव, तारीख व रक्कम यांच्या जागा त्या जुळणीत कोऱ्याच असत. आपणास संगणकावर करावयाचे आहे ते नेमके हेच. खाने वेगळे, आणि बांधून ठेवलेल्या जुळणीत बदलत्या मजकुराच्या जागा कोऱ्या.

ज्या शाळा लिब्रेऑफिस रायटर वापरतात (ते विनामूल्य मिळते) त्यांनी प्रथम टेम्प्लेट करावे. शाळेचे नाव, चौकट, सहीची ओळ घालून कोरा नमुना तयार करावा आणि तो साध्या फाइलप्रमाणे न ठेवता टेम्प्लेट म्हणून जतन करावा. त्यावरून नवा कागद उघडला की मूळ नमुन्यास धक्का लागत नाही, आणि पुसण्याजोगे जुने नावही त्यात नसते. लहान घटकांसाठी त्याच साधनात ऑटोटेक्स्ट आहे. सहीचा मजकूर किंवा गुणांचा तक्ता एकदा निवडून त्यास आखूड खूण द्यावी. पुढे ती खूण लिहून एफ-३ ही कळ दाबली की सबंध घटक जागेवर येतो. चित्रे व बोधचिन्हे गॅलरीत ठेवता येतात. वार्षिक अंकासारखे पानांच्या मांडणीचे मोठे काम असेल तर स्क्राइबस हेही विनामूल्य साधन आहे. त्यात स्क्रॅपबुक नावाची पेटी असते. तीत टाकलेला घटक कोणत्याही दुसऱ्या अंकात काढून घेता येतो. स्क्राइबसची १.४ ही जुनी आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवीत नसे, म्हणून २०२४ मध्ये आलेली १.६ किंवा तिच्या पुढची आवृत्तीच घ्यावी.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पेटीतून काढलेला घटक ही नक्कल असते. पेटीतला मूळ घटक पुढे सुधारला तरी आधीच्या कागदांत उतरलेल्या नकला जुन्याच राहतात. याउलट चित्र दुव्याने जोडले असेल तर कागदात चित्र नसते, त्याचा केवळ पत्ता असतो. मूळ चित्र एकदा बदलले की तो पत्ता धरणारे सर्व कागद पुन्हा उघडताच नवे चित्र दाखवितात. स्क्राइबस चित्रे अशीच जोडते. परंतु चित्राचा फोल्डर हलला, किंवा अंकाची फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घालून खामगावच्या छापखान्यात नेली, तर चित्राच्या जागी रिकामी चौकट निघते. त्यासाठी स्क्राइबसमधील ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ ही सोय वापरावी. ती फाइल, चित्रे आणि टंक एकत्र गोळा करून देते. टेम्प्लेटची तऱ्हा आणखी निराळी. टेम्प्लेटातील अक्षरांच्या शैली बदलल्या तर त्यावरून केलेला जुना कागद उघडताना त्या शैली अद्ययावत कराव्यात काय, असे रायटर विचारते. पण टेम्प्लेटात दुरुस्त केलेला मजकूर जुन्या कागदांत जात नाही. तो हातानेच दुरुस्त करावा लागतो.

जतन केलेला घटक दहा वर्षांनीही वाचता यावा अशी इच्छा असेल तर टंकाकडे पाहिले पाहिजे. युनिकोडपूर्व मराठी टंकांत लिहिलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरेच असतो. तो टंक नसलेल्या संगणकावर शाळेच्या नावाचा अर्थहीन अक्षरांचा ढीग होतो. ठेव्यातील प्रत्येक मथळा म्हणूनच युनिकोडमध्ये पुन्हा लिहून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावयाचे आहे. त्यासोबत कागदाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. राज्याच्या प्रमाण वर्णमालेत ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त आहे; काही टंकांत मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि भाषेच्या नोंदीवरून त्यांतील एक निवडले जाते. पहिलीच्या शब्दपट्ट्यांचा नमुना हिंदीच्या नोंदीने जतन झाला असेल, तर पुस्तकात एक ल आणि भिंतीवर दुसरा ल असे लेकरास दिसते. मोठ्यांस हा फरक जाणवतही नाही. अक्षर नव्याने गिरविणाऱ्यास तो अडवितो.

ठेव्यात जे शिरते ते वर्षानुवर्षे छापले जाते, म्हणून आत घेण्यापूर्वी ते दोघांनी मुळाशी ताडून पाहावे. पाठ्यपुस्तकांच्या आरंभी येणारी संविधानाची उद्देशिका हे याचे चांगले उदाहरण होय. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तीत ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले आणि राष्ट्राच्या एकतेबरोबर ‘एकात्मता’ हा शब्दही आला. एखाद्या जुन्या फलकावरून किंवा जुन्या ग्रंथावरून उद्देशिका उतरवून ठेव्यात घातली, तर संविधानदिनाच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर हे शब्द गळालेलेच राहतील. शाळेचा यू-डायस क्रमांकही स्मरणाने न घालता अधिकृत नोंदीवरून घ्यावा. आणि मुलांची नावे, जन्मतारखा, छायाचित्रे यांस ठेव्यात स्थान नाही. त्यांची जागा सामान्य नोंदवही आहे, आणि दाखला लिहिताना तीच समोर उघडी असावी.

आणखी एक अडचण जिल्हा परिषदेच्या शाळांत विशेष आढळते. बहुधा एकच शिक्षक हे सारे तयार करतो, ते त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर राहते, आणि त्याची बदली झाली की ठेवाही त्याच्याबरोबर मोताळ्याहून मेहकरास जातो. दोन शिक्षकी शाळेत मागे राहिलेल्याने पुन्हा ओनाम्यापासून आरंभ करावयाचा. यासाठी टेम्प्लेटे, चित्रे, ऑटोटेक्स्टचा संच आणि टंकांच्या फाइली एका फोल्डरात ठेवून त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक कपाटातील पेन ड्राइव्हवर व एक केंद्रशाळेत असावी. टंक मुक्त परवान्याचा, उदाहरणार्थ मुक्त किंवा नोटो, घेतला तर तो सोबत देण्यास हरकत येत नाही. फोल्डरात एक साधी यादीही असावी: घटकाचे नाव, तो कशावरून ताडला, शेवटचा बदल कोणत्या तारखेचा. बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना घंटा, नकाशे व तराजू यांच्या नोंदींखाली हा पेन ड्राइव्हही लिहावा, आणि घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी तो शाळेच्या संगणकावर उघडून पाहावा.